पुण्यात घर बघताना आधी पाणी विचारा

महोदय,

जून जवळ आला की सोलापुरातून पुण्याला नोकरी-शिक्षणासाठी जाणाऱ्यांची घराची शोधाशोध सुरू होते. मोबाइलवर फोटो बघायचे, भाडे जमते का पाहायचे आणि एखाद्या रविवारी जाऊन टोकन देऊन यायचे, अशी बहुतेकांची रीत. त्यात दोन गोष्टी हमखास राहून जातात: रोजचा रस्ता आणि पाणी.

आपली माणसे सवयीने हडपसर, मांजरी, लोणी काळभोर या बाजूला घर पाहतात. सोलापूर रस्ता तिथूनच शहरात शिरतो, गाडीतळाला उतरले की घर जवळ. नोकरी मगरपट्ट्यात किंवा खराडीत असेल तर हे बरोबरच आहे. पण कंपनी हिंजवडीत असेल तर रोज अख्खे पुणे आडवे ओलांडावे लागते. गावाकडे महिन्यातून दोनदा यायचे आणि कामावर बावीस दिवस जायचे, मग घर कामाच्या बाजूलाच हवे: वाकड, ताथवडे, थेरगाव, बालेवाडी. टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी नऊला त्या दारातून ऑफिसपर्यंत आणि संध्याकाळी साडेसहाला परत, असे एकदा जाऊन बघावेच.

आता पाणी. नळ किती दिवसांनी येतो, हे सोलापुरात पहिल्यांदा विचारले जाते. पुण्याला गेल्यावर मात्र तिथे चोवीस तास पाणी असेल असे आपण धरून चालतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. उंड्री, वाघोली, मांजरी बुद्रुक त्यातलीच. स्वस्त आणि नव्या इमारती याच पट्ट्यात जास्त, आणि नळाचे जाळे तिथे पुरते पोचलेले नाही. शिवाय इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला, नसेल तर महापालिकेची कायम नळजोडणी सहसा मिळत नाही. बिल्डर ताबा देऊन मोकळा होतो आणि सोसायटी टँकरवर जगते. माणशी रोज १३५ लिटर धरले तर शंभर फ्लॅटच्या, चौघांच्या कुटुंबांच्या सोसायटीला ५४ हजार लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर, रोज. हा खर्च मेंटेनन्समधून निघतो, म्हणून भाडे कमी दिसते. उन्हाळ्यात टँकर महागले की मेंटेनन्सही वाढतो.

दलालाला विचारून उपयोग नाही. वॉचमनला विचारा, दिवसाला किती टँकर येतात. बाथरूममधला शॉवर आणि नळाचे तोंड नीट बघा. पांढरा खरखरीत थर असेल तर बोअरचे जड पाणी आहे. गिझर आणि वॉशिंग मशीन त्यानेच लवकर बिघडतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झाले, म्हणून वाकडकडे घर घेताना टाकी केवढी आहे तेही बघा.

नदी-ओढ्याकाठची जागा असेल तर पार्किंगच्या भिंतीवर ओलीची रेघ दिसते का ते पाहा. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत शिरले होते.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. हे पोरांना माहीतच नसते, म्हणून साध्या स्टॅम्पपेपरवर सही करून येतात. मेंटेनन्स कोण भरणार, रंगकामाचे किती कापणार, नोटीस किती दिवसांची, हे कराराच्या मजकुरातच आले पाहिजे. किल्ली हातात घेताना भिंतींचे, नळांचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. डिपॉझिट परत मागताना तेच कामी येतात.

– एक वाचक, जुळे सोलापूर