वेदपाठशाळांतील मुलांना कायद्याचे संरक्षण हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंज झालेली आठ-नऊ वर्षांची मुले वेदपाठशाळेत दाखल होतात आणि पुढची कित्येक वर्षे गुरुजींच्या घरी किंवा पाठशाळेच्या आवारातच राहतात. या मुलांबाबत कायद्यात राहिलेल्या एका उणिवेकडे आपल्या पत्रातून लक्ष वेधू इच्छितो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती होऊन मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्याने धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. धर्मशिक्षणात सरकारने ढवळाढवळ करू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याच फटक्यात शारीरिक शिक्षेला मनाई करणारे त्या कायद्याचे सतरावे कलमही या मुलांना लागू राहिले नाही. फौजदारी कायदे आहेतच, परंतु आईवडिलांपासून दूर राहणारा नऊ वर्षांचा मुलगा पोलीस ठाण्याची पायरी कशी चढणार?

अध्यापनपद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. ऋग्वेदाची संथा, म्हणजे म्हणून घ्यायचा पाठ, देताना गुरुजी लहान विद्यार्थ्याच्या डोक्यावर हात ठेवून अनुदात्त म्हणजे खालच्या स्वराला मान खाली आणि स्वरित म्हणजे चढत्या स्वराला वर नेतात, तेव्हा स्वर नुसता कानात न राहता अंगात मुरतो. पुढे घनपाठ या पठणप्रकारात ऋचेतील दोन पदे सुलट, उलट, मग तिसरे पद जोडून पुन्हा सुलट, उलट, सुलट अशी गुंफण होते आणि एक अक्षर ढळले तरी जाणत्याला ते तत्काळ खटकते. शाळा सुटल्यावर तासभर शिकवणी लावून ही विद्या येत नाही, त्यासाठी गुरुगृहीच राहावे लागते, हे मान्यच आहे.

मात्र पाठ झेपला नाही म्हणून मध्येच घरी परतणाऱ्या मुलाच्या हाती काय उरते? उज्जैनच्या महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाच्या अभ्यासक्रमात वेदांबरोबर गणित, इंग्रजी असे विषय आहेत. पण जी पाठशाळा त्या व्यवस्थेत नाही, तिथे ते शिकवणे सर्वस्वी चालकांच्या मर्जीवर राहते. वेळ नाही ही सबब मला पटत नाही. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. नवी संथा त्या दिवशी द्यायची नाही असा परंपरेचाच दंडक आहे. महिन्याकाठी असे आठ दिवस मिळतात. त्या दिवशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने येऊन मराठी, गणित आणि इंग्रजी शिकवले, तर पाठाच्या एका ऋचेचाही खोळंबा होणार नाही.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी 1923 मध्ये कोलकात्याहून तर्कतीर्थ ही न्यायशास्त्रातील पदवी घेऊन आले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकही झाले. ती शास्त्राध्ययनाची पाठशाळा होती, केवळ पाठांतराची नव्हे, हा फरक मला ठाऊक आहे. तरीही पारंपरिक अध्ययनाला नव्या विषयांचे वावडे असते, असे निदान वाईच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी म्हणू नये.

राज्याच्या शिक्षण खात्याने अभ्यासक्रमाला हात न लावता निवासी पाठशाळांची नोंदणी करावी, मुलांची झोपण्याची जागा, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे वर्षातून दोनदा तपासावीत आणि तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मुलांची आरोग्यतपासणी करून घ्यावी. पाठशाळाचालकांनीही आदेशाची वाट न पाहता, मुलाला आठवड्यातून एकदा गुरुजी समोर नसताना घरी फोनवर बोलू द्यावे.

आपला,
एक वाचक, सातारा