नाही म्हणायचे तर म्हणा, पण मतदान घ्या

महोदय,

फिलिबस्टरवरचा कालचा अग्रलेख वाचला. फिलिबस्टर म्हणजे अमेरिकेच्या सिनेटमध्ये चर्चा लांबवून मतदान अडवण्याची रीत; ती मोडायला शंभरापैकी साठ मते लागतात. साठ मतांची अट काढली की अमेरिकेतल्या रखडलेल्या नेमणुका मार्गी लागतील, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. हे चूक आहे आणि अग्रलेखात अशी चूक व्हावी याचे वाईट वाटले. नेमणुकांपुरती ती अट केव्हाच गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सिनेटमधले तेव्हाचे बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी ती मंत्री, राजदूत आणि खालच्या न्यायालयांचे न्यायाधीश यांच्यासाठी काढली. एप्रिल २०१७ मध्ये त्याच पदावरच्या मिच मॅकॉनेल यांनी न्यायाधीश गोर्सच यांच्या नेमणुकीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयासाठीही काढली. तरीही नेमणुका अडतातच. त्या कशाने अडतात, हे अग्रलेखात एका ओळीनेही नाही.

आमच्या घरात हा विषय कोरडा राहिलेला नाही. २०२२ च्या पावसाळ्यात न्यू जर्सीहून मुलीने गोड बातमी दिली. पहिले बाळंतपण, आईने जायलाच हवे. आम्ही व्हिसाचे अर्ज भरले, तर मुंबईत मुलाखतीची तारीख २०२५ मधली दिसत होती. कोणी तारीख सोडली असेल तर मिळेल, या आशेने बायको पहाटे अडीचला उठून संगणकापुढे बसायची. मिळाली नाही. तिने तिच्या आईच्या जुन्या सुती लुगड्याची चार दुपटी शिवली, अळीव निवडून डब्यात भरले आणि शेवटी ते सगळे शेजारच्या मुलाच्या बॅगेतून पाठवले. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नात झाली. तिला आंघोळ जावयाने घातली. बायको इथून फोनवर ओरडत होती, “मान धर, आधी मान धर!”

ती रांग करोनामुळे साचली होती, तिथल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. राजदूत स्वतः व्हिसाचे शिक्के मारत नाही, हेही मला कळते. पण त्या सगळ्या काळात दिल्लीत अमेरिकेचा राजदूतच नव्हता, सगळा कारभार हंगामी प्रमुखांवर होता. वॉशिंग्टनमध्ये जाऊन वजन टाकून ‘माणसे वाढवा’ म्हणायला राष्ट्राध्यक्षांचा माणूस लागतो.

आधीचे राजदूत केनेथ जस्टर जानेवारी २०२१ मध्ये गेले. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी यांचे नाव मंजुरीसाठी सिनेटकडे पाठवले. जानेवारी २०२२ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीने ते मंजूरही केले. त्यानंतर चौदा महिने काहीही हलले नाही. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सदस्य चक ग्रासली यांनी ‘होल्ड’ लावला. एरवी सिनेट अशी नावे सर्वसंमतीने झटपट पुढे नेते. होल्ड म्हणजे, त्या सर्वसंमतीला माझी संमती नाही, एवढेच एका सदस्याने आपल्या नेत्याला कळवायचे. मग सभागृहाचे दिवस खर्च केल्याशिवाय ते नाव पुढे सरकत नाही. बायडेन यांच्या पक्षाचीही सगळी मते जुळत नव्हती, म्हणून नेत्यांनी मतदानच लावले नाही. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली, नाव परत गेले, ते पुन्हा पाठवावे लागले. अखेर १५ मार्च २०२३ ला ५२ विरुद्ध ४२ मतांनी गार्सेटी राजदूत झाले. तोवर आमची नात सव्वा महिन्याची झाली होती.

महापौर असताना कार्यालयातल्या लैंगिक छळाकडे काणाडोळा केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आरोप गंभीरच होता. ज्यांना तो पटला त्यांनी विरोधात मत द्यावे आणि नाव पाडावे. पाडलेल्या नावाच्या जागी दुसरे नाव येते, लोंबकळलेल्या नावाच्या जागी कोणीच येत नाही. त्याच वर्षी टॉमी ट्यूबरविल या एकट्या सदस्याने चारशेहून अधिक लष्करी बढत्या महिनोन्‌महिने रोखल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आलेल्या मेरिक गारलँड यांची तर साधी सुनावणीही झाली नाही. तिथे फिलिबस्टर कुठे होता?

सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटने नियम बदलून नावे गठ्ठ्याने मंजूर करायला सुरुवात केली. एकदा ४८, पुढच्या महिन्यात १०७. ही सुधारणा मला मान्य नाही. शंभर नावांवर एकच मत दिले तर एकेका माणसाची पारख कशी होणार? समितीने मंजूर केलेल्या नावावर साठ दिवसांत होय किंवा नाही असे मतदान झालेच पाहिजे, एवढा एकच नियम करावा.

अग्रलेखाच्या शेवटी आपल्याकडे असले काही होत नाही, असा सूर आहे. विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त १२ जागा आपण इतक्या लवकर विसरलात? नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने यादी पाठवली. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे कर्तव्य आहे, असे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी यांनी होकारही दिला नाही आणि नकारही नाही. सरकार गेले आणि नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली.

आणखी एक. जुलै २०२१ मध्ये आपल्याच अंकात ‘गार्सेटी भारतातील नवे राजदूत’ असा मथळा होता. तो वाचून मी वीस महिने माणूस दिल्लीत आला आहे असेच धरून चाललो होतो. तेव्हा झाले होते ते केवळ नामनिर्देशन. परवाच्या अंकात परदेश पानावर पुन्हा तीच चूक आहे. मतदान होईपर्यंत कृपया ‘नियुक्ती’ हा शब्द छापू नये.

— एक निवृत्त वाचक, डोंबिवली (पूर्व)