सव्वानऊला उमलणारं फूल

ईस्ट लान्सिंग, मिशिगन
जुलै

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

काल रात्री इव्हिनिंग प्रिमरोझ या इथल्या रानझाडाचं पहिलं पिवळं फूल उमललं. तीन वर्षं होत आली त्याची वाट बघतेय.

पहिल्या खेपेला बी मी आपण वाल टोकतो तसं बोटभर खोल पेरलं, तर एकही उगवलं नाही. या बियांना रुजायला उजेड लागतो. पुढच्या ऑक्टोबरला ते नुसतं मातीवर भुरभुरलं, तळहाताने दाबलं आणि त्यावर खुशाल बर्फ पडू दिला. मागचं सगळं वर्ष जमिनीला चिकटलेल्या पानांचं चक्र, बस्स. त्यातलं एक उचलून कुंपणापाशी लावायला गेले, तर गाजरासारखं मूळ मोडलं आणि रोप गेलं. जिथे रुजलंय तिथून त्याला हलवू नये. यंदा मेमध्ये दांडा निघाला, आता माझ्या खांद्याला लागतोय. शेणखत घातलं नाही, रेताड जमीनच त्याला मानवते. पानांवर तांबूस-हिरवे चकचकीत भुंगेरे फार बसतात. ते मी सकाळी साबणाच्या पाण्यात झटकते.

आई, फूल उमलताना तू बघायला हवं होतंस. आधी कळी थरथरली. मग हिरवी आवरणं मागे दुमडली आणि पिळा सुटावा तशा चार पाकळ्या मोकळ्या झाल्या, मिनिटभरात! आपली गुलबक्षी कधी उमलते ते कळतच नाही, हे मात्र डोळ्यांदेखत. परागाचे कण कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धाग्यांनी लोंबत होते. अंधार पडल्यावर एक मोठा पतंग आला, लांब सोंड आत घालून हवेतच थांबला. आज दुपारी फूल मिटून लुळं पडलं.

बाबा, तुम्ही राखेत बी जपता म्हणून सांगते. इथल्याच कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 साली बाटल्यांत बिया भरून जमिनीत पुरल्या होत्या. त्यातली एक बाटली 1960 साली उघडली, तर तिच्यातलं हे बीही रुजलं. 80 वर्षं मातीखाली राहून!

आई, याच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल तिकडे मिळतात, पण मनाने घेऊ नकोस. तुझी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आधी डॉक्टरांना विचार.

आमच्याकडे रात्रीचे सव्वानऊ म्हणजे तुमच्याकडे सकाळचे पावणेसात, म्हणजे तुमच्या चहाची वेळ. उद्या साडेसहालाच व्हिडिओ कॉल लावते. चार कळ्या फुगल्यात. बाबा, मोतीबिंदू काढल्यावर तुम्ही म्हणाला होतात ना, पिवळा रंग किती पिवळा असतो ते विसरूनच गेलो होतो? चष्मा पुसून बसा.

तुमची लेक