चि. निखिल यास, मुक्काम आबिजान, आयव्हरी कोस्ट

वेंगुर्ले, गुरुवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. निघायच्या आदल्या रात्री जेवताना तुझं नि अण्णांचं जे वाजलं, त्यावर त्यांनी परत एक शब्द काढलेला नाही. म्हणजे अजून मनात आहे. तू टेबलावर ठेवून गेलेला काजूच्या अहवालाचा मसुदा मी सगळा वाचला. चांगला लिहिलायस. अभिमान वाटला, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे.

त्याआधी एकच. ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीच्या जंतूचा, तो मेंदूपर्यंत जातो. अंग तापलं की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. पिवळ्या तापाच्या लशीचं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेव, मोठ्या बॅगेत नको. झालं. आता या विषयावर बोलणार नाही.

तुझं म्हणणं असं की पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजू बीची निर्यात बंद केली, ग्लो-जिग्बेला कारखान्यांसाठी वसाहत उभारली, तसंच आयव्हरी कोस्टनेही करावं. जगात सगळ्यात जास्त बी पिकवणारा देश, आणि त्यातली बरीचशी बी कच्चीच जहाजात चढून व्हिएतनाम नाहीतर भारतात फुटते. हे बघून कोणाचंही मन तुटेल. पण बंदी आणली की कारखाने उभे राहतील हे तू एका वाक्यात लिहून पुढे गेलास. अण्णांना खटकलं ते तेच वाक्य.

कारखाना कशावर चालतो ते आधी मांड. दिवसाला एक टन बी फोडणारा, वर्षात ३०० दिवस चालणारा कारखाना घे. त्याला ३०० टन बी लागते. हंगाम तीन-चार महिन्यांचा, म्हणजे वर्षाची बी तेवढ्यात घेऊन ठेवायची. बी १२० रुपये किलो धर, ३ कोटी ६० लाख रुपये गुंतले. साठा हळूहळू कमी होतो म्हणून सरासरी निम्मी रक्कम वर्षभर अडकलेली धर. १२ टक्क्यांनी व्याज होतं २१ लाख ६० हजार. चार किलो बीतून एक किलो गर, म्हणजे ७५ टन गर. किलोमागे जवळजवळ २९ रुपये नुसतं व्याज! मजुरी, वीज, वाफेचं जळण सगळं यापुढे. ज्याला ६ टक्क्यांनी पैसा मिळतो तो इथेच साडेचौदा रुपयांनी पुढे गेला. तुझ्या मसुद्यात मजुरीचे तक्ते पाच पानं आहेत आणि व्याजाचा आकडा एकही नाही.

व्हिएतनामचं यश तू यंत्रांवर टाकलंयस. यंत्रं खरीच. फोडायची यंत्रं त्यांनी आपल्याच देशातल्या वर्कशॉपात बनवली आणि सुधारत नेली. पण त्यांचे कारखाने वर्षभर चालतात ते बाहेरच्या बीवर. फेब्रुवारीपासून पश्चिम आफ्रिकेची बी, ऑक्टोबरपासून टांझानिया-मोझांबिकची, शिवाय शेजारच्या कंबोडियाची. दोन गोलार्धांचे हंगाम जोडले की वर्षाचा साठा एकदम घ्यावा लागत नाही. भारतातले आयात करणारे कारखानेही असेच चालले. आबिजानच्या कारखान्याकडे फक्त आपल्याच देशाचा हंगाम असेल, तर बंदीने त्याला बी स्वस्त मिळेल, पण ती धरून ठेवायला पैसा कुठून येणार?

दुसरं तुकड्याचं. अख्खा गर परदेशात जातो, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२०, म्हणजे पौंडात तेवढे मावणारा. फुटलेल्याचं काय? आपल्याकडे पाकळी नि तुकडा मिठाईवाला उचलतो, कतली आणि ग्रेव्ही त्यावरच चालते. देशातच गिऱ्हाईक असल्यामुळे इथला कारखाना फुटीतही तगतो. तिकडे तो बाजार लहान, म्हणून तिथे प्रत्येक फुटलेला गर जास्त महाग पडतो. आणि फूट होते ती कापायच्याही आधीच्या चुकांनी. बी आठ-नऊ टक्के ओलाव्यापर्यंत वाळली नसेल तर गोदामात बुरशी. वाफ कमी बसली तर गर टरफलाला चिकटून तुटतो, जास्त बसली तर करपट रंग येतो नि ग्रेड उतरते. वाफवल्यावर रात्रभर थंड होऊ दिली नाही तर टरफल कडक होत नाही, पातं घसरतं. ड्रायरमध्ये कमी वाळला तर साल सुटत नाही, जास्त वाळला तर हाताखाली दोन पाकळ्या होतात. कटिंगच्या बायका हाताला तेल आणि राख लावून बसतात, तरी टरफलाच्या चिकाने बोटं सोलतात. हे हात तयार व्हायला महिने लागतात. कायदा एका दिवसात होतो.

मोझांबिकवर तू दोनच ओळी दिल्यास, तिथे मला फार वाईट वाटलं. एकेकाळी जगातला पहिल्या क्रमांकाचा काजू देश. कच्च्या बीच्या निर्यातबंदीच्या जागी १९९१-९२ मध्ये ६० टक्के कर आला, आणि जागतिक बँकेच्या आग्रहाने काही वर्षांत तो १४ टक्क्यांवर उतरला. कारखाने तेव्हा नुकतेच खासगी मालकांना विकले होते. बी बाहेर गेली, कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील हा सगळा हेतू होता. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब केला, तो काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबामागे वर्षाला ५ डॉलरच्या आसपास आला. बराचसा फायदा मधल्या व्यापाऱ्यांना आणि बी विकत घेणाऱ्या भारतीय कारखान्यांना झाला. हे आपण इथे बसून विसरता कामा नये. पण दुसरी बाजूही लिही: त्या मोठ्या कारखान्यांतली यंत्रं बी आपटून फोडणारी होती, तुकडा फार पडायचा. पुढे तिथल्याच नांपुला भागात जे कारखाने उभे राहिले ते लहान होते आणि हाताने कापणारे. संरक्षण होतं तेव्हाही कारखाने अशक्त, काढलं तेव्हा थेट मेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही तुझ्या अहवालात हव्यात.

मी व्याख्यान देतेय, कळतंय मला. तू यातच एम.ए. केलंस आणि मी तुला शिकवायला बसले. राग मानू नकोस. तू लहान असताना पोत्यांच्या थप्पीवर बसून एक पौंडात किती गर मावतात ते मोजायचास. २१० म्हणजे मोठा नि ४५० म्हणजे बारीक, हे तुला पाढ्यांच्या आधी येत होतं. असा मुलगा तक्त्यांत अडकला की राहवत नाही.

जाळीत झोपतोस ना? खिडकीची जाळी वेगळी, पलंगाची वेगळी. भाईंचं तुला माहीत आहे, मी परत सांगत नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण तू घेतलंयस ते मला आवडलं, फक्त अर्धं घेतलंस. १९७० मध्ये तिथल्या सरकारने गावागावाला ३३५ पोती सिमेंट दिलं. पुढच्या खेपेला ५०० पोती आणि एक टन लोखंड, पण ज्या गावांनी पहिल्या सिमेंटचं काही करून दाखवलं त्यांनाच. कारखान्यांनाही स्वस्त कर्ज मिळालं ते निर्यात करून दाखवल्यावर. बेनिनची बंदी आणि कोरियाची मदत तू एकाच रकान्यात ‘सरकारी हस्तक्षेप’ म्हणून टाकलीस. कोरियाच्या मदतीत सरकार कारखानदाराकडून काहीतरी मागतं, बेनिनच्या बंदीत शेतकऱ्याला म्हणतं की तू फक्त इथेच वीक. शेजारच्या देशात भाव जास्त असला की बी रात्री सीमेपार जाते. आयव्हरी कोस्टची बी घानात जाते ती याचमुळे. बंदीचा खर्च बागायतदार भरतो, आणि तो अहवाल वाचणार नाही.

आपल्याकडचंही लिही ना थोडं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग योजना आली, कातळावर नि वरकस जमिनीवर काजू उभा राहिला. वेंगुर्ला-७ या जातीची बी साधारण १० ग्रॅमची, आफ्रिकेतली त्याच्या निम्मी. झाड सरकारने लावून दिलं, बाजार नाही दिला. म्हणून बागायतदार म्हणतो आयात शुल्क वाढवा, कारखानदार म्हणतो कमी करा. २०१८ मध्ये ते ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं, तेव्हा आपल्याच वाडीत एका घरात आनंद नि शेजारच्या घरात सुतक. दोघांच्या घरी तू जेवलेला आहेस.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायच्या असतात. आजी म्हणते, ‘झिलाक सांग, पाणी उकळून पी म्हणान.’ कंटाळू नकोस. मी तरी काय करू, दुपारी हातात काम नसलं की तेच डोक्यात येतं.

तिथल्या कोर्होगोला गेलास की एखाद्या कारखान्यात दोन-तीन दिवस बस. बँक किती टक्क्यांनी पैसा देते, मे अखेर गोदामात किती दिवसांची बी आहे, ८० किलोच्या पोत्यातून चांगला गर किती पौंड निघतो, हे विचार. ४८ च्या पुढे निघाला तर बी चांगली. टरफलाचं काय करतात तेही बघ, तेल काढतात की बॉयलरला जाळतात. मगच ते बंदीचं वाक्य परत लिही. तुकड्याचा तिथला भाव मला नको कळवू, अण्णांना सांग. फोन दुपारी दोननंतर कर, त्याआधी ते ड्रायरपाशी असतात.

तुझी,
आई