ठळक अक्षरांच्या बाहेरची ॲलर्जी

संपादक महोदय,

खाऊच्या पाकिटावर ॲलर्जीची माहिती ठळक छापलेली असते त्यामुळे लोकांना वाटतं वाचलं की झालं, टेन्शन नाही. पण अल्फा-गॅल सिंड्रोम असलेल्यांना ती ओळ अर्धवटच कामाची आहे. माझ्या बहिणीला हा त्रास आहे आणि घरात येणारं प्रत्येक पाकीट तपासायचं काम माझ्याकडे, म्हणून लिहितोय.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, काही जातींची गोचीड चावल्यावर शरीराला अल्फा-गॅल नावाच्या साखरेची ॲलर्जी होऊ शकते आणि ही साखर गाय, डुक्कर, मेंढी अशा जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांत असते (माणसात नाही), मासे-कोंबडीत नसते. दुर्मिळ म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नाही, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये अंदाज दिला की २०१० पासून तिथे साडेचार लाखांपर्यंत लोकांना हे झालेलं असू शकतं. त्यात रिॲक्शन येते बहुतेक वेळा २ ते ६ तासांनी, म्हणजे मध्यरात्री अंगावर गांधी उठल्या, पोटात कळा आल्या, श्वास लागला तर संध्याकाळी खाल्लेल्या चिप्सवर कोणाचा संशयही जात नाही.

आता लेबलचं बघा. दूध ॲलर्जीच्या यादीत असतं, पण जिलेटिन (बहुधा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं), प्राण्यांची चरबी ही त्या यादीत नसतातच, ती बारीक अक्षरात शोधावी लागतात. गमी आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं हे एकवेळ माहीत असतं हो, पण साध्या दिसणाऱ्या फ्लेवर्ड चिप्सच्या मसाल्यात व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीची भुकटी निघते, आणि ‘नॅचरल फ्लेवर’ म्हणजे नेमकं कशाचं ते कोणी सांगत नाही. ग्लिसरीन, ई ४७१ (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) हे तर वनस्पतीपासूनही बनतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, पाकिटावर फक्त नाव, उगम गायब! शाकाहारी लिहिलं तरी दूध असू शकतं. व्हेगन बघून घ्यावं तर त्यात कॅरेजीनन असू शकतं, हा पदार्थ दाट करणारा घटक समुद्री शेवाळातून काढतात पण अल्फा-गॅल त्यातही सापडतं.

सगळ्यांना सगळंच बाधतं असं नाही, बरेच जण दूध आरामात पचवतात, कोणाला जिलेटिनचा कणही चालत नाही, ते ज्याने त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पण ठरवण्यासाठी आधी आत काय आहे ते तरी कळायला हवं ना? एवढंच मागणं आहे की अशा प्रत्येक घटकापुढे कंसात ‘वनस्पतीजन्य’ किंवा ‘प्राणिजन्य’ छापा. एका शब्दाला जागा किती लागते, पाकिटावर स्कीमच्या जाहिराती मावतातच की.

तोपर्यंत कंपनीला मेल करणाऱ्यांनी ‘हे सेफ आहे का’ असं मोघम विचारू नये, उत्तरही मोघमच येतं. ग्लिसरीन कशापासून, फ्लेवरमध्ये मांस किंवा दुधाचं काही आहे का, असं नाव घेऊन विचारा आणि आलेलं उत्तर तारखेसकट ठेवा, रेसिपी बदलली तरी पाकीट तसंच दिसतं.

एक वाचक