पिंपल्सवर लिहिताना पोटाचंही लिहा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत तरुण मुलामुलींच्या पिंपल्सवरचा लेख वाचला. फेसवॉश, मुलतानी माती, कोरफड सगळं त्यात आलंय. पण ही मुलं खातात काय, त्यांचं पोट साफ होतं का, याबद्दल चकार शब्द नाही. लातुरात शिकवणीला आलेल्या मुलामुलींसाठी मी खानावळ चालवते, म्हणून हे पत्र.

नांदेड, बीड, धाराशिवच्या खेड्यांतून नीटच्या तयारीसाठी आलेली ही पोरं घरी भाकरी, वरण, पालेभाजी खाऊन वाढलेली असतात. इथं आल्यावर खाणं पार बदलतं. सकाळी चहाबरोबर खारी नाहीतर क्रीमची बिस्किटं, दुपारी भाजी बाजूला सारून नुसता वरणभात, रात्री जागताना नूडल्स आणि थंड पेय. मग सुरू होतं, "काकू, पोट फुगलंय, आज जेवण नको." आणि कपाळावर, गालांवर पुटकुळ्या.

वयात येताना पुटकुळ्या येतात, त्यात हार्मोन्सचा वाटा मोठा असतो. पण खाण्याचा काहीच संबंध नाही, असं नाही. मैदा आणि साखर रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात, त्याबरोबर इन्सुलिन वाढतं आणि त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पिंपल्स असलेल्या तरुणांना १२ आठवडे साखर सावकाश वाढवणारं जेवण दिलं, तेव्हा त्यांच्या पुटकुळ्या इतरांपेक्षा जास्त कमी झाल्या. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीन ग्रॅमही नसतो. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना हाच चोथा लागतो. हे जिवाणू आणि त्वचा यांच्या संबंधावर संशोधन अजून चालू आहे, पण कुंथत बसणाऱ्या पोरांना चोथा आणि पाणी आजच द्यायला हवं.

माझ्याकडे भाकरी रोज असते. हिवाळ्यात करडईची भाजी, एरवी मोड आलेली मटकी, मेथी, काकडीची कोशिंबीर. सकाळी ज्याला हवी त्याला रात्रीची भाकरी ताकात कुस्करून, वर शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. आधी नाक मुरडणारी पोरं पुढे वाटी पुढे करतात.

उदगीरकडच्या एका मुलीने मेडिकलमधून आणलेली ट्यूब मला दाखवली. "लावलं की दोन दिवसांत चेहरा साफ होतो काकू, सोडलं की दुप्पट येतात." उन्हात गेली की तिचे गाल लालभडक व्हायचे, आग व्हायची. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघताच स्टेरॉइड म्हणून सांगितलं. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले, तरी तिला कुणी चिठ्ठी विचारली नव्हती. डॉक्टरांच्या औषधाबरोबर तिने बिस्किटं, थंड पेय सोडलं आणि दोन्ही वेळा भाकरी-भाजी खाऊ लागली. पोट लवकर ताळ्यावर आलं, चेहरा निवळायला काही महिने लागले. पालकांनी एवढा धीर धरावा आणि औषध मनाने बदलू नये.

एक गोष्ट मुली आईलाही सांगत नाहीत. क्लासमधली स्वच्छतागृहं घाण असतात म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. सकाळी सातच्या बॅचला पळायचं म्हणून शौचाला लागलेली दाबून धरतात. मग माझी भाकरी तरी किती पुरी पडणार?

क्लासचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलींची स्वच्छतागृहं दिवसातून निदान दोनदा धुवून घ्या, तिथं पाणी आणि कडी असू द्या, आणि सकाळच्या बॅचनंतर नाश्त्याला अर्धा तास सोडा. फी भरताना पालकांनीही निकालाच्या फलकाबरोबर स्वच्छतागृह बघून घ्यावं.

— एक खानावळचालक, लातूर