धरण उशाला, हंडा डोक्यावर

संपादक साहेब,
माझं गाव अकोले तालुक्यात, घाटघरच्या बाजूला. पाऊस असा की घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात, आणि मार्च लागला की आई हंडा घेऊन झऱ्यावर, कारण खडकावर पाणी थांबतंय कुठं, सगळं खाली भंडारदरा धरणात, ते १९२६ सालचं म्हणजे शंभर वर्षं झाली बघा. भात झोडून झालं की अर्धं गाव नारायणगावला मजुरीला. मे-जूनमध्ये काजवे बघायला मात्र गाड्यांची ही लाईन, टेंट, डीजे (काजव्यांना डीजे कशाला?). आमच्याच तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना गावठी बियाण्यासाठी पद्मश्री मिळाली, भारी वाटलं, पण बियाणं पेरायला माणसं गावात राहायला हवीत ना. ओढ्यावर दोन छोटे बंधारे द्या, सेल्फी पॉइंट नंतर करा.
— एक वाचक, सध्या ठाणे